बैल नसलेल्या माणसाच्या दोऱ्या

सर गेल्यानंतर काही दिवसांनी त्यांचं वकिलीचं ऑफिस रिकामं करायला आम्ही जमलो. त्यांची मुलगी पुण्याहून आली होती. पुस्तकं वकील संघाच्या खोलीत द्यायची, टेबल-खुर्च्या एका ज्युनियरने मागितल्या होत्या, असं सगळं ठरलेलं होतं. शेवटी तिने कोपऱ्यातला पडदा बाजूला केला आणि विचारलं, "हे काय आहे?"

मागे दोऱ्या होत्या. भिंतीतल्या खुंट्यांवर, खुंट्या भरल्यावर लोखंडी कपाटावर, आणि कपाटही भरल्यावर खाली फरशीवर. कासरे, दावी, वेसणी, विहिरीला लावतात तशी जाड सोल. तळातल्या अंबाडीच्या, काळपट पडलेल्या. वरच्या नायलॉनच्या, निळ्या-पिवळ्या. एकही वापरलेली नव्हती. विकणाऱ्याने मारलेली गाठ प्रत्येकीवर तशीच होती.

"बाबांकडे बैल कधीच नव्हता," ती म्हणाली. "आमच्या घरी साधी शेळी नव्हती."

सरांचे कारकून गायकवाडकाका माझ्याकडे पाहायला लागले. मी काही बोलले नाही. न बोलणं मला नेहमीच सोपं जातं.

मी जालन्यातल्याच इंग्रजी शाळेत शिकले. तिथे धडा संपला की मिस विचारायच्या, "एनी डाउट्स?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, "नो, मिस." बऱ्याचदा प्रश्न पूर्ण होण्याआधीच. मला शंका पुष्कळ असायच्या, पण त्या मी घरी नेऊन पुस्तकात शोधायचे. पुढे कायदाही मी तसाच शिकले. सरांकडे काम शिकायला आले तेव्हा मला कलमं इंग्रजीत पाठ होती, पण समोर बसलेल्या बाईला "तुमचा जबाब कुणी लिहून घेतला?" एवढं नीट विचारता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी मला खिडकीजवळची खुर्ची दाखवली, टेबल दाखवलं, पिण्याच्या पाण्याचा माठ दाखवला. मग मान जराशी खाली घालून, चष्म्याच्या वरून पाहत विचारलं, "काही तक्रार?"

"नाही, सर."

"फार जल्दी आलं," सर म्हणाले. "पुन्हा विचारीन."

ते खरंच पुन्हा विचारत. मला, गायकवाडकाकांना, झाडायला येणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्याला, एकदा तर आयकराच्या कामासाठी आलेल्या अधिकाऱ्याला. आवाज नेहमी तोच, मान तशीच खाली. समोरचा "नाही" म्हणाला की सर त्याच्याकडे बघत राहत, जणू त्याने अजून उत्तर दिलेलंच नाही. पुष्कळ जण त्या नजरेने चिडायचे. मावशी मात्र एक दिवस झाडू टेकवून म्हणाल्या, "हाय तक्रार. ह्या दोऱ्याहिच्या मागं उंदरं झालेत, आन तुमी मला तिथं हात लावू देत न्हाई." सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः पिंजरा आणला. दोऱ्या मात्र हलवल्या नाहीत.

त्यांना स्वतःला काही विचारलं तर मात्र पंचाईत. सर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर लगेच देत नसत. कोर्टासमोरच्या टपरीवरचा माणूस सकाळी दारात येऊन विचारायचा, "साहेब, चहा देऊ?" सर विचार करायचे. तो बाकीच्या ऑफिसांमधले कप गोळा करून परत यायचा, तेव्हा सर म्हणायचे, "हो." त्या माणसाने मला एकदा हळूच विचारलं, "ताई, साहेबांला कमी ऐकू येतं का?" मी नाही म्हणाले. "मंग चहाचा काय एवढा इचार करायचा असतो?"

कोर्टात त्यांची टिंगल व्हायची. समोरचा वकील त्यांच्या उत्तराची वाट पाहताना घड्याळ कानाला लावून दाखवायचा. सर ते बघायचे आणि आपला वेळ घ्यायचेच. त्यांचं म्हणणं, माणसाला काही विचारलं की पहिल्यांदा बाहेर येतं ते त्याचं नसतं. ते समोर कोण उभा आहे त्याचं असतं. त्याचं स्वतःचं मागून येतं, आणि तेवढा वेळ कुणी थांबत नाही.

ऑफिसमध्ये पक्षकाराची खुर्ची त्यांनी दाराकडे पाठ करून ठेवली होती. दारात कोण आलं, कोण उभं आहे, हे खुर्चीतल्या माणसाला दिसू नये म्हणून. बायकोबरोबर आलेल्या नवऱ्याला, सुनेबरोबर आलेल्या सासऱ्याला, पोराबरोबर आलेल्या बापाला ते बाहेरच्या बाकावर बसवत. एकदा टेंभुर्णीहून आलेल्या एका गृहस्थांना याचा फार राग आला. ते दारातूनच ओरडले, "वकीलसाहेब, फी मी देऊन राह्यलो आन बाहेर बी मीच बसू?" सर बऱ्याच वेळाने म्हणाले, "बराबर आहे. उन्हात बसू नका, बाक सावलीला ओढून घ्या."

त्यांच्या भाचीच्या लग्नातली गोष्ट गायकवाडकाका नेहमी रंगवून सांगायचे. पाठवणीची वेळ, गाडी फुलांनी सजवलेली, सगळे रडून घेत होते. सर पुढे झाले आणि नवऱ्या मुलीला म्हणाले, "बाळ, काही तक्रार?" ती हुंदके देत म्हणाली, "नाही, मामा." सर वळून व्याह्यांना म्हणाले, "आपण सगळ्यांनी जरा पलीकडे व्हावं. मी पुन्हा विचारतो." केवढा गोंधळ झाला. मुलाचा काका म्हणाला, "आम्ही काय पोरीला धरून आणलं का?" सरांची बहीण पुढे कितीतरी महिने त्यांच्याशी बोलली नाही. पण गायकवाडकाका सांगतात की सगळे पलीकडे झाले होते, कुरकुरत का होईना, आणि भाची रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, "मामा, तक्रार तुमचीच आहे. मेकअप गेला माझा."

हसण्यासारख्या या गोष्टी मी आधी सांगून टाकल्या, कारण पुढच्यात हसण्यासारखं फार नाही.

ज्यांनी कधी रिमांडचं काम पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. पोलिसांनी अटक केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर उभं करतात. आणखी काही दिवस त्याला पोलिसांच्या ताब्यात ठेवायचं की नाही, हे तिथे ठरतं. त्याआधी न्यायाधीश त्याला एक प्रश्न विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? कायद्याने दिलेली ही एक खिडकी आहे. आत काय झालं ते बाहेर यावं म्हणून ठेवलेली. पण माणूस उभा असतो तो दोन शिपायांच्या मध्ये. ज्यांच्याविषयी विचारलं जातं त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला असतो आणि संध्याकाळी त्याला त्यांच्याच बरोबर परत जायचं असतं. तो म्हणतो, "नाही." मी सरांबरोबर जायला लागले तेव्हा पाहिलं, की टाइप करणाऱ्याची बोटं उत्तराआधीच चालायला लागलेली असतात. तक्रार नाही.

एनी डाउट्स? नो, मिस.

यात आम्हा वकिलांचाही हात असतो, हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. आरोपीला आत नेण्याआधी त्याचा वकील व्हरांड्यात त्याच्या कानात सांगतो, "विचारलं की नाही म्हणायचं. उगाच पोलिसांना चिडवू नको, जामिनाला विरोध करतील." हा वाईट वकिलाचा सल्ला नाही. चांगले, कळकळीचे वकील हेच सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

सरांनीही हेच सांगितलं होतं. परतूरच्या बाजारात दोऱ्या विकणाऱ्या एका माणसाला.

ही हकीकत मला गायकवाडकाकांनी एका दुपारी डबा खाताना सांगितली. मी दोऱ्यांबद्दल विचारलं नव्हतं. पडद्याकडे बघत होते, तेवढं त्यांना पुरलं. "तवा साहेब तुझ्यावानीच जवान होते," काका म्हणाले. "कुठल्या तरी दुकानातल्या चोरीत त्या माणसाला धरून आणल्तं. चोरी-बिरी काही न्हाई, दुकानासमोर बसायचा एवढंच. पोलिसांनी कानाखाली मारल्तं, एकदा न्हाई, लई दा. कोर्टात जज्जसाहेबांनी इचारलं, तक्रार हाय का? त्यानं साहेबांकडं पाह्यलं. साहेबांनी मान हलवली." काकांनी स्वतःची मान डावी-उजवीकडे हलवून दाखवली. "तो न्हाई म्हनला. परत पोलिसाच्या ताब्यात दिला. तिथून आला तवा एक कान गेल्ता कायमचा. मंग साहेबांनी लई अर्ज केले, वरपर्यंत गेले. सगळीकडं एकच उत्तर. त्यानं तर कोर्टात सांगितलं, तक्रार न्हाई."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "तवापासून बाजाराच्या दिवशी परतूरला जात्यात. त्याच्याजवळ बसत्यात. एक दोरी घेत्यात. येत्यात."

"आणि तो माणूस काही म्हणत नाही?"

"काय म्हनल? गिऱ्हाईक हाय."

त्यानंतर मी एकदा सरांबरोबर परतूरला गेले. तिथल्या तालुक्याच्या कोर्टातलं काम लवकर आटोपलं होतं आणि सर बाजाराकडे निघाले, मी मागे मागे. दोरीवाले मामा धान्याच्या गोण्यांच्या रांगेपलीकडे पोतं अंथरून बसले होते. सर त्यांच्या उजव्या हाताला, पोत्याच्या कडेवर बसले. ऐकू येणारा कान तो होता. तिथे दोघं पावसापाण्याचं बोलले, कापसाच्या भावाचं बोलले, मामांच्या नातवाला कुठल्या शाळेत घातलं त्याचं बोलले. सरांनी एक वेसण निवडली. उठताना मला वाटलं आता मान खाली जाईल, आता विचारतील. जगातल्या प्रत्येकाला विचारत होते. पण सरांनी नमस्कार केला आणि ते चालायला लागले.

मी जरा मागे राहिले, चपलेचा पट्टा नीट करायला. मामा मला म्हणाले, "बाई, साहेबाला बैल न्हाई, गाय न्हाई. एवढ्या दोऱ्याहिचं काय करून राह्यले?"

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"त्यांनी न्हाई इचारलं, मी न्हाई इचारलं," मामा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सुमेधचं प्रकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं.

वडीगोद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. गावात नळयोजना झाली होती, टाकी बांधून रंगवून झाली होती, पण बौद्ध वस्तीतल्या नळांना पाणी आलं नव्हतं. सुमेधने ग्रामसभेत उभं राहून विचारलं, की काम पूर्ण झालं असा दाखला कुणी दिला आणि दाखला देणारा माणूस आमच्या गल्लीत येऊन नळ सोडून दाखवेल का. ठेकेदार तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा मेहुणा. सभेला आलेल्या अधिकाऱ्याने उत्तर दिलं नाही. सुमेधने मोबाइल वर धरला आणि म्हणाला, उत्तर देत नाहीत तेही रेकॉर्ड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून त्याला उचललं. गुन्हा सरकारी कामात अडथळा आणल्याचा.

त्याला कोर्टात आणणार होते त्या सकाळी त्याची आई आमच्याआधी पोचली होती. व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. सरांना पाहताच उठली.

"साहेब, त्याला न्हाई म्हनायला सांगा," ती म्हणाली. "इथले दुसरे वकील म्हनले, न्हाई म्हनलं की लवकर सोडतेत. पानी नगं, काई नगं आमाला. लेकरू घरी आलं पायजे."

सरांनी तिला बसायला सांगितलं. मग त्यांचा तो नेहमीचा वेळ गेला. तिला तो असह्य होत होता, हे मला दिसत होतं. ती एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"ताई, मी त्यांना काहीच सांगणार नाही," सर म्हणाले. "हो म्हणा असंही नाही. नाही म्हणा असंही नाही."

"मंग वकील कशाला केला तुमाला?"

 तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

सुमेध गाडीतून उतरला आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. अंग पोळणारं ऊन होतं आणि त्याच्या पायांत मोजे होते. बूट नाहीत, चपला नाहीत, नुसते काळे मोजे. अगदी नवे, दुकानातल्या घडीची रेघ अजून तशीच होती. तो पावलांच्या कडांवर भार देत चालत होता, ओल्या फरशीवरून चालावं तसा. पायऱ्या चढताना एका शिपायाने त्याला दंडाला धरून हात दिला. बघणाऱ्याला ते प्रेमळ वाटलं असतं.

न्यायाधीश तरुण बाई होत्या, नव्याने बदलून आलेल्या. पुकारा झाला. सुमेध दोन शिपायांमध्ये उभा राहिला, तपास अधिकारी बाजूला. मॅडमनी कागद चाळत विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

"नाही," सुमेध म्हणाला. टाइपची टकटक चालूच होती.

सर उभे राहिले. "मॅडम, माझी एक विनंती आहे. हा प्रश्न पुन्हा विचारला जावा. त्याआधी त्यांच्या आजूबाजूला असलेल्यांना दाराबाहेर उभं करावं."

सरकारी वकिलांनी हसून तपास अधिकाऱ्याकडे पाहिलं. सरांची ही विनंती जिल्हाभर माहीत होती. कुणी ती मान्य करायचं, बरेच जण करत नसत. तपास अधिकारी म्हणाला, "मॅडम, आरोपी पळून गेला तर जबाबदारी कुणाची?"

सरांनी यावेळी फार वेळ घेतला नाही. "मॅडम, हे आत्ता पळू शकले, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल."

मॅडमनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी सुमेधकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोज्यांवर त्यांची नजर थांबली.

"बाहेर थांबा," त्या पोलिसांना म्हणाल्या.

शिपाई गेले, अधिकारी गेला. मग सरांनीही आपली फाइल माझ्यापुढे ठेवली आणि दाराकडे वळले.

"वकीलसाहेब, तुम्ही थांबू शकता," मॅडम म्हणाल्या.

"नको, मॅडम. माझाही भार पडतो." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा."

ते बाहेर जाऊन पोलिसांच्याच रांगेत, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दार लोटलं गेलं.

सुमेधने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फाइलकडे पाहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय असं वाटलं. मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला, आधीपेक्षा हळू. सुमेध उभाच राहिला. टाइप करणाऱ्याची बोटं कळांवर थांबली होती. छताचा पंखा गरगरत होता, त्याच्या एका पात्याचा आवाज येत होता. बाहेरून त्याच्या आईचा आवाज आला, काहीतरी विचारणारा, आणि मग थांबला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि हात टेबलावर ठेवला.

सुमेध खाली फरशीवर बसला. एक मोजा काढायला त्याला खूप वेळ लागला. दुसऱ्याला त्याहून जास्त. तळव्यांची त्वचा कापडाला चिकटली होती. मी पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली, म्हणून याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

"आहे," तो म्हणाला. "तक्रार आहे."

मॅडमनी टाइप करणाऱ्याला हाताने थांबवलं आणि पुढचं सगळं स्वतः लिहून घेतलं. त्याचे शब्द, त्याच्याच भाषेत. वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आणि पोलीस कोठडी नाकारून त्याला न्यायालयीन कोठडीत पाठवलं. म्हणजे त्या संध्याकाळी त्याला पोलीस ठाण्यातल्या त्या खोलीत परत जावं लागणार नव्हतं.

बाहेर आईला हे कुणीतरी अर्धवट सांगितलं. तिला एवढंच कळलं की मुलगा घरी येत नाही, आणि त्याने पोलिसांविरुद्ध सांगितलं. ती सरांवर तुटून पडली. "तुमी त्याला बोलायला लावलं! तुमाला काय जातंय? उद्या ते आमच्या दारात येतील, तवा तुमी येनार हाव का?" लोक जमले. मी पुढे होऊन तिला सांगायला लागले की सर तर आत नव्हतेच, त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सरांनी मला हाताने थांबवलं. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि तिने विचारलेल्या प्रश्नावर विचार करत राहिले, ती ओरडत होती, रडत होती, तितका वेळ. ती थकून गप्प झाली तेव्हा म्हणाले, "येईन. पण माझ्या येण्याने किती अडेल, ते मला माहीत नाही."

नंतर ते खरंच गेले. काही दिवस रोज संध्याकाळी एसटीने तिच्या दारात जाऊन बसत. तिने पहिल्या दिवशी पाणी विचारलं नाही. नंतर विचारायला लागली. टँकरचं पाणी होतं ते.

सुमेधला पुढे जामीन मिळाला. त्याच्या तक्रारीवर चौकशी बसली, ती अजून बसलेलीच आहे. दोन शिपायांची बदली झाली, अधिकारी आहे तिथेच आहे. टाकीला पुन्हा रंग दिला. वस्तीतल्या नळांना मी हे लिहीपर्यंत पाणी नाही. या गोष्टी मी लपवणार नाही. सरांनाही त्या लपवलेल्या आवडल्या नसत्या.

जामिनावर सुटल्यावर सुमेध ऑफिसला आला. बापाच्या, एक नंबर मोठ्या चपला घालून. सरांनी त्याला पक्षकाराच्या खुर्चीत बसवलं, दाराकडे पाठ करून. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही बाहेर का गेलात? मला वाटलं, आता आपलं माणूस बी गेलं. लई भ्यालो मी."

चहावाला येऊन विचारून गेला. मावशी झाडून गेल्या. मी खिडकीजवळ बसून एक अर्ज लिहीत होते, म्हणजे लिहीत नव्हते.

"मी आत असतो तर तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं," सर म्हणाले.

"पाह्यलं असतं. मंग?"

"पूर्वी एकाने पाहिलं होतं."

 सुमेधने सरळ विचारलं, "ते काय म्हनले नंतर? त्यांची काही तक्रार हाय का तुमच्यावर?"

या प्रश्नाला सरांनी त्या दिवशी उत्तर दिलंच नाही. सुमेध निघून गेला, ऑफिस बंद करायची वेळ झाली, गायकवाडकाकांनी किल्ल्या वाजवल्या, तरी सर पडद्याकडे बघत बसून होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सर स्टेशनकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "चला."  गाडीत, रांजणी स्टेशन मागे पडलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

मामा नेहमीच्या जागी होते. सर नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाताला बसले. मामांनी हातातला कासरा उलगडून दाखवला. "नवीन हाय साहेब, मऊ हाय. बैलाच्या मानंला काचत न्हाई." सरांनी तो हातात घेतला आणि परत ठेवला. मग मान जराशी खाली घातली, चष्म्याच्या वरून पाहिलं. त्यांचा आवाज मी इतका लहान कधीच ऐकला नव्हता.

"काही तक्रार?"

मामांचे हात थांबले. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं. मग वर, माझ्याकडे.

मला कळलं. मी तिथून निघाले. गोण्यांची रांग ओलांडून पलीकडे गेले, एका भज्यांच्या गाड्यापाशी, जिथून शब्द ऐकू येणार नाहीत. गाड्यावरच्या बाईने विचारलं, "काय देऊ?" मला लगेच सांगता आलं नाही. तिने वाट पाहिली.

तिथून मला गोण्यांमधून ते दोघं दिसत होते. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. एक गिऱ्हाईक आलं, मामांनी त्याला हातानेच पुढे जायला सांगितलं. मग मामा बोलायला लागले. एक हात कानाकडे गेला, खाली आला. मध्येच त्यांनी पोत्यावर मूठ आपटली. सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. होकाराची नाही, नकाराची नाही. मामा थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. बाजार उठायला लागला, आजूबाजूचे लोक पोती झटकून घड्या घालायला लागले, तरी ते बोलतच होते.

मामा काय बोलले ते मला कधीच विचारायचं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. सर गोण्यांमधून बाहेर आले आणि आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. प्लॅटफॉर्मवर दिवे लागले होते. गाडी आली, गर्दीत त्यांना चढवायला मी त्यांचा हात धरला, तेव्हा लक्षात आलं.

सरांचे दोन्ही हात रिकामे होते.

ऑफिसमध्ये त्यांची मुलगी अजून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. गायकवाडकाका खाली बसून दोऱ्या मोकळ्या करायला लागले होते. "कुणाला तरी देऊन टाकू," ती म्हणाली. "गावाकडे उपयोगी पडतील ना? तुमची काही हरकत नाही ना?"

मी वेळ घेतला.

"आहे," मी म्हणाले. "बसा. सांगते."

तिची खुर्ची मी दाराकडे पाठ करून ठेवली.